व्हिडिओतला आवाज 'लॉसलेस' करताय? आधी डब्यात काय आहे ते बघा

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे 'अं', 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

 

गेले काही आठवडे इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत येतोय. "दादा, एमपीफोरची फ्लॅक करायची बेस्ट साइट कोणती?" "व्हिडिओतलं गाणं वेव्हमध्ये काढलं की क्वालिटी वाढते ना?" "फ्री साइट एका वेळी १०० एमबीच घेते, जुगाड सांगा." हे नेहमीचे. पण एका ताईंचा मेसेज वेगळा होता. त्यांच्या आजीने घरातल्या लग्नाच्या हळदीला जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या आणि कुणीतरी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला होता. आजी आता नाहीत. ताईंना त्या ओव्या 'एकदम लॉसलेस' काढून घरच्या सगळ्यांना पाठवायच्यात. आणि शेवटची ओळ अशी होती, की फोनची मेमरी भरलीय, त्यामुळे फ्लॅक झाली की व्हिडिओ डिलीट करणार आहे.

ताई, बाकीचा भाग नंतर ऐका, पण तो व्हिडिओ डिलीट करू नका. का, तेच आज बोलायचंय.

सुरुवात फाइलच्या नावापासून करू. डॉट एमपीफोर, डॉट एमओव्ही, डॉट एमकेव्ही हे काही आवाजाचे किंवा चित्राचे प्रकार नाहीत. ते डबे आहेत. ऑफिसला नेतो तसा कप्प्यांचा टिफिन. एका कप्प्यात चित्र, एका कप्प्यात आवाज, कधीकधी तिसऱ्यात सबटायटल. आवाजाच्या कप्प्यात नक्की काय भरलंय ते ठरवतो कोडेक. मोबाईलवर काढलेल्या व्हिडिओत हा कोडेक जवळजवळ नेहमी एएसी असतो. युट्यूबवर एएसी किंवा ओपस. आणि हे दोन्ही लॉसी आहेत, म्हणजे आवाज साठवतानाच त्यातला काही भाग कायमचा टाकून देतात.

किती टाकतात? हिशेब सोपा आहे. सीडीवरचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला की सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट येतात. युट्यूबवरचा एएसी आवाज सहसा १२८ किलोबिटच्या आसपास असतो. म्हणजे अकरा भागांतले दहा गायब. आणि तरी आपल्याला गाणं छान ऐकू येतं! इंजिनिअर म्हणून मला याचं अजूनही कौतुक वाटतं. घरात मिक्सर चालू असताना दारावरची बेल ऐकू येत नाही, बरोबर? मोठ्या आवाजाखाली त्याच्या जवळपासचा लहान आवाज झाकला जातो. एन्कोडर हेच हेरतो. जे कानाला ऐकूच येणार नाही, त्यावर तो बिट खर्च करत नाही. एमपीथ्री असो, एएसी असो की ओपस, मूळ युक्ती हीच.

फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. जे टाकलं ते फाइलमध्ये कुठेही लपवून ठेवलेलं नसतं. ते नाहीच.

आता फ्लॅक. फ्री लॉसलेस ऑडिओ कोडेक. जॉश कोल्सन नावाच्या प्रोग्रामरने तो लिहिला, २००१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो आयईटीएफचा अधिकृत आरएफसी झाला. म्हणजे एवढी वर्षं आख्खं जग वापरत होतं आणि कागदावरचा शिक्का आत्ता बसला, आपल्याकडच्या सोसायटीच्या कन्व्हेयन्ससारखं. तो काम कसं करतो? आधीच्या काही नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधतो, आणि फक्त अंदाज आणि खरं यांच्यातला फरक लिहून ठेवतो. फरक लहान असला की कमी बिटांत मावतो. वाजवताना तोच अंदाज परत बांधायचा, फरक मिळवायचा, मूळ आकडा बिट-टू-बिट हजर. फाइलच्या सुरुवातीला मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह हॅशसुद्धा असतो, पडताळणीसाठी. सुंदर डिझाइन आहे.

पण तो हॅश कशाचा पडताळा देतो? फ्लॅकमध्ये जे घातलं तेच बाहेर आलं, एवढ्याचाच. घालताना तुम्ही काय घातलं, हे त्याला माहीत नाही. 'लॉसलेस' या शब्दाचाही अर्थ तेवढाच आहे. रूपांतर करताना नवीन काही गेलं नाही. त्याच्या आधी काय जाऊन बसलंय, याबद्दल तो शब्द गप्प आहे.

तुम्ही मार्कशीटची झेरॉक्स काढली आणि त्या झेरॉक्सला झकास लॅमिनेशन केलं. आता ती फाटणार नाही, भिजणार नाही. पण ॲडमिशनच्या खिडकीवर काका 'ओरिजिनल आणा' म्हणणारच. युट्यूबच्या आवाजाची फ्लॅक म्हणजे ही लॅमिनेट केलेली झेरॉक्स.

मग कन्व्हर्टर साइटवर नेमकं होतं काय? तुम्ही एमपीफोर चढवता. तिकडच्या सर्व्हरवर बहुतेक वेळा एफएफएमपेग नावाचं फुकट, ओपन सोर्स साधन बसलेलं असतं. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरने ते २००० मध्ये सुरू केलं आणि आज व्हिडिओचं जवळपास सगळं जग त्यावर उभं आहे. ते एएसी उलगडतं, आलेले आकडे फ्लॅकमध्ये भरतं, तुम्हाला डाऊनलोडचं बटण दिसतं. आणि इथे एक गंमत आहे. एफएफएमपेग एएसी उलगडतं तेव्हा नमुने फ्लोटिंग पॉइंटमध्ये येतात. फ्लॅकमध्ये पूर्णांकच चालतात. तेव्हा वेगळं काही सांगितलं नाही तर ते २४ बिटची फ्लॅक बनवून देतं. झालं! प्लेअरमध्ये उघडली की '२४ बिट' असं लिहून येतं, काही ॲपमध्ये तर 'हाय-रेझ'ची सोनेरी पट्टी लागते. फाइल मूळ आवाजाच्या सहज आठ-दहा पट. आणि आत तेच १२८ केबीपीएसचं गाणं.

माझा हॉस्टेलवरचा एक मित्र अशी फोल्डरं भरून बसला होता. "अरे फरक ऐकू येतो ना," म्हणायचा. फरक येऊही शकतो, कारण काही साइट्स जाता जाता आवाजाची पातळी वाढवून देतात. आणि दोन सारख्या आवाजांतला जो किंचित मोठा, तो कानाला चांगला वाटतो. आवाज वाढवायला फ्लॅक लागत नाही, व्हॉल्यूमचं बटण आहे.

कानावर विश्वास नसेल तर डोळ्यांनी बघा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या, फ्लॅक उघडा आणि स्पेक्ट्रोग्राम दाखवायला सांगा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर फ्रिक्वेन्सी. खऱ्या सीडीवरून काढलेल्या गाण्यात झांजांचा, टाळांचा चमचमाट २० किलोहर्ट्झपर्यंत चढलेला दिसतो. कमी बिटरेटच्या लॉसी आवाजात १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ, वर काळोख. फ्लॅक केल्यावरही ती रेघ तिथेच असते. हा शंभर टक्के पुरावा नाही हं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच वरचं काही नसतं, आणि जास्त बिटरेटच्या फाइलमध्ये रेघ वर सरकते. पण 'हाय-रेझ' म्हणून कुणी काही पाठवलं तर पहिली झडती हीच घ्यायची.

बरं, मग फ्लॅक नको तर काय? टिफिनकडे परत या. भाजी दुसऱ्या डब्यात काढायला ती परत शिजवावी लागत नाही. एएसीचा कप्पा उचलायचा आणि एमफोरए नावाच्या डब्यात ठेवायचा, बस. आतला एकही बिट बदलत नाही. याला स्ट्रीम कॉपी म्हणतात. आकार लहान, दर्जा व्हिडिओत होता तोच, आणि काम काही सेकंदात होतं कारण गणित काही करायचंच नसतं. खऱ्या अर्थाने लॉसलेस काढणं हवं असेल तर ते हे आहे. बहुतेक साइट्सवर हा पर्याय दिसतच नाही. 'एमपीथ्री, वेव्ह, फ्लॅक' अशी यादी असते, आणि 'आहे तसं द्या' हे बटण नसतं.

कमांड बोलून दाखवतो, लिहून घ्या. एफएफएमपेग, स्पेस, डॅश आय, स्पेस, व्हिडिओचं नाव. मग डॅश व्ही-एन, म्हणजे व्हिडिओ नको. मग डॅश सी कोलन ए, स्पेस, कॉपी, म्हणजे ऑडिओ जसाच्या तसा. शेवटी नव्या फाइलचं नाव, डॉट एमफोरए. एवढंच. अक्षरं सगळी इंग्रजी, स्मॉल. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप आहे, त्यात एफएफएमपेग बसतं. पहिल्यांदा स्टोरेजची परवानगी द्यावी लागते. काळ्या स्क्रीनला घाबरू नका, चुकीचं टाइप केलं तर एरर येतो, फोन फुटत नाही. हां, नव्या फाइलला जुन्या फाइलचंच नाव देऊ नका.

आत कोणता कोडेक आहे ते आधी बघायचं. लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये टूल्स मेनूत कोडेक इन्फर्मेशन आहे, नाहीतर मीडियाइन्फो. एएसी असेल तर एमफोरए, ओपस असेल तर डॉट ओपस. आणि तिथे पीसीएम दिसलं, तर मात्र थांबा. पीसीएम म्हणजे न दाबलेला, कच्चा आवाज. इथे फ्लॅक करणं अगदी योग्य, कारण इथे खरोखर वाचवण्यासारखं काहीतरी आहे. आकार निम्म्याच्या आसपास येतो आणि जात काहीच नाही.

पीसीएम कुठे सापडतं? बऱ्याच डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांच्या व्हिडिओत. मैफिलींच्या काही डीव्हीडींवर. आणि, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल, मिनीडीव्हीच्या टेपांवर. साधारण २००० ते २०१० च्या काळातली लग्नं, मुंजी, गॅदरिंग ज्या छोट्या टेपांवर शूट झाली, त्यांवर आवाज न दाबता लिहिला जायचा. म्हणजे तुमच्या मावशीच्या लग्नाच्या टेपवरचा आवाज, तांत्रिकदृष्ट्या, आजच्या तुमच्या महागड्या फोनच्या व्हिडिओपेक्षा कमी छाटलेला आहे. बँडवाल्यांचा माइक कसा होता तो भाग वेगळा. त्या टेपा अजून कपाटात असतील तर फायरवायरची जुनी केबल शोधा आणि वेळेत उतरवून घ्या. टेप वाट बघत नाही.

याच्या उलट, घरोघरी असलेल्या मराठी नाटकांच्या व्हीसीडी. मागच्या दशकांत सगळ्यांनी घेतल्या, आता प्लेअर नाही. तिच्यावरचा आवाज एमपीटू, २२४ किलोबिट. लॉसी. त्याची फ्लॅक करून काहीही साधत नाही. 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॉट डॅट फाइल घ्या, आवाज तसाच डॉट एमपीटूमध्ये कॉपी करा, व्हीएलसी वाजवतो. तिसऱ्या अंकातली एंट्रीची टाळीसुद्धा जशी होती तशी मिळेल.

एका बाबतीत मात्र लॉसी आवाजाचीही वेव्ह किंवा फ्लॅक करावी, आणि ती म्हणजे एडिटिंग. कापायचं, नॉइज काढायचा, पातळी नीट करायची, आणि हे चार वेळा करायचं. प्रत्येक वेळी एमपीथ्रीमध्ये सेव्ह केलं तर झेरॉक्सची झेरॉक्सची झेरॉक्स. अक्षरं पुसट होत जातात. तेव्हा एकदा वेव्ह करा, सगळं काम तिच्यावर करा, आणि शेवटी एकदाच लहान करा. आम्हीही या पॉडकास्टसाठी असंच करतो. इथे फ्लॅक दर्जा वाढवत नाही, आणखी पडू देत नाही.

आता 'ऑनलाइन' या शब्दाकडे येतो. आपल्याकडे लोक फुकट साइटला व्हिडिओ देतात तेव्हा आधी डेटाचा विचार करतात. तोही करूच. फोनवरचा १०८०पी व्हिडिओ सेटिंगप्रमाणे मिनिटाला ६० ते १३० एमबी घेतो. दहा मिनिटांचा धरला तर ६०० एमबी ते सव्वा जीबी. त्यातला आवाज किती? १० ते २० एमबी. म्हणजे दिवसाच्या दीड जीबीच्या पॅकमधला मोठा हिस्सा वर चढवायचा, कशासाठी, तर बादलीभर पाण्यातून चमचाभर काढण्यासाठी. आणि उरलेलं सगळं, म्हणजे चित्र, तुम्ही अनोळखी सर्व्हरवर ठेवून आलात. घरातली माणसं, लहान मुलं, अंगावरचे दागिने, मागे दाराची पाटी. फोनच्या व्हिडिओत बऱ्याचदा कुठे शूट केलं ते लोकेशनही फाइलमध्ये असतं. 'एका तासात डिलीट करतो' असं साइटवर लिहिलेलं असतं. करतही असतील. तुम्ही आणि मी तपासू शकत नाही.

दुसरा धोका डाऊनलोडच्या बाजूने. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर ऑफिसने जाहीर इशारा दिला होता, की फुकट फाइल कन्व्हर्टरच्या नावाखाली लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये मालवेअर घातलं जातंय आणि चढवलेल्या फाइलींतून माहिती उकरली जातेय. सगळ्याच साइट्स वाईट नसतात. पण 'डाऊनलोड' लिहिलेली पाच बटणं आणि त्यातलं खरं एकच, असं पान दिसलं की मी टॅब बंद करतो. गाणं मागितलं आणि डॉट एपीके किंवा डॉट ईएक्सई आली, तर उघडायची नाही. इतकं साधं.

साइटच वापरायची असेल तर एक चांगली जात आहे. काही साइट्स एफएफएमपेग तुमच्या ब्राउझरमध्येच चालवतात, वेबअसेम्ब्ली नावाच्या तंत्राने. फाइल फोनबाहेर जातच नाही. ओळखायचं कसं? पान पूर्ण लोड होऊ द्या, मग एअरप्लेन मोड लावा आणि मग फाइल निवडून बघा. नेटशिवाय कन्व्हर्ट झाली तर काम फोनवरच होतंय. अडकली तर ती तुमची फाइल कुठेतरी पाठवू बघत होती. मोठी फाइल असेल तर फोन तापेल, ब्राउझर रडेल, पण छोट्या क्लिपला ही पद्धत छान.

(इथे कुणीतरी विचारणारच, युट्यूबचं काय? त्यांच्या नियमांत असं डाऊनलोड करायला परवानगी नाही. तेव्हा आज मी तुमच्या स्वतःच्या व्हिडिओंबद्दलच बोलतोय.)

तर ताईंचं उत्तर. ताई, तुमच्या फोनच्या व्हिडिओत एएसी असणार. त्याची फ्लॅक केलीत तर आवाज सुधारणार नाही, आणि मूळ पुसलंत तर आजींचा जात्यावरचा हात, ओवी म्हणताना मध्येच कुणाला तरी 'पीठ बघ गं' म्हणून सांगणं, कोण शेजारी बसलंय, हे सगळं जाईल. ओवी नुसती ऐकायची गोष्ट नाही, जात्याच्या फेऱ्याबरोबर ती चालते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आज त्या पारीच्या संग्रहात आहेत. तिथे प्रत्येक ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव असतं. तुमच्याकडे तर चेहरा आहे. व्हिडिओ दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क, एक क्लाउड. फाइलच्या नावात आजींचं नाव, गाव, तारीख घाला. जागा हवीच असेल तर गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड पुसा, तिथे दोन-चार जीबी नक्की निघतील.

ऐकण्यासाठी एमफोरए काढा, वर सांगितलं तसं. आणि घरच्यांना पाठवताना एक काळजी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो परत दाबला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग फाइल आहे तशी पोचते. तसंच, तुमच्याकडे जो व्हिडिओ आहे तो तरी मूळ आहे का ते विचारा. ज्याच्या फोनवर शूट झाला त्याच्याकडची प्रत शोधा. ग्रुपवर फिरून आलेली असेल तर तिच्यावर आधीच एक कात्री फिरलीय. फ्लॅकची साइट शोधण्यात जो वेळ जाणार होता, तो त्या चुलतभावाला फोन करण्यात घाला. 'अरे, तुझ्या जुन्या फोनमध्ये अजून आहे का बघ.' आवाजाचा दर्जा खरोखर वाढवू शकेल असा हा एकच मार्ग तुमच्याकडे आहे.

आणि ज्यांच्या घरी म्हणणारी माणसं अजून आहेत, त्यांनी पुढच्या वेळी नुसत्या व्हिडिओवर राहू नका. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये व्हॉइस मेमोजखाली ऑडिओ क्वालिटी 'लॉसलेस' करता येते. अँड्रॉइडवर वेव्हमध्ये रेकॉर्ड करणारी फुकट ॲप्स मिळतात. एक फोन व्हिडिओला, दुसरा फोन आवाजाला, म्हणणाऱ्यापासून हातभर अंतरावर, खाली रुमाल घालून, म्हणजे जमिनीची थरथर येत नाही. पंखा बंद करा. कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या. हातभर अंतरावरचा साधा फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या महागड्या फोनला हरवतो, कोडेक कोणताही असो. आणि ही वेव्ह मात्र बिनधास्त फ्लॅक करा, तिथे फ्लॅकचं काम आहे.

पुढच्या भागात कॅसेटी. घरच्या टेपरेकॉर्डरवरून लॅपटॉपवर आवाज कसा उतरवायचा, कोणती केबल लागते, हेड कशाने पुसायचं. तुमच्याकडे कोणत्या कॅसेटी आहेत ते मेसेज करून सांगा, त्यावरूनच भाग करू. भेटू!